बाबांनी दाबलेले बरोबरचे बटण

मी एक जुना, बारा अंकी कॅल्क्युलेटर आहे. माझ्यासारखे हजारो कारखान्यात बनले, पण बाबांसारख्या करसल्लागाराच्या टेबलावर बसायचे भाग्य सगळ्यांच्या कपाळी नसते. वर्ष संपत आले की शिंपी, बसचालक, दातांची डॉक्टरीण पावत्यांच्या पिशव्या घेऊन येत. बाबा आधी वजावटी काढत, मग उरलेल्या उत्पन्नाचे टप्पे पाडून कराचा अंदाज सांगत. तो कधी चुकत नसे, आणि श्रेय मी घेत असे!

मित्रांनो, त्यांची लेक त्यांना बाबा म्हणे, म्हणून मीही म्हणतो. ती परिचारिका. आई गेल्यापासून घरात दोघेच. एका दुपारी ती बढतीचे पत्र घेऊन आली. जागा मुख्य परिचारिकेची, तिला कधीपासून हवी होती तीच. पण गाव आगगाडीने दोन दिवसांवर. नकार तिने लिहूनच आणला होता.

"पगार साठ हजारांनी वाढला की मी वीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये जाते. सगळ्यावर वीस टक्के कापले तर वाढीतले दोनच हजार उरतात. तेवढ्यासाठी तुम्हाला सोडून कुठे जाऊ?"

करसल्लागाराची लेक, आणि दिव्याखाली अंधार! बाबांनी मला पुढे ओढले. विमा, निवृत्ती निधी, घरकर्जाचे व्याज आणि सुरुवातीची करमुक्त रक्कम वजा केली. उरले पाच लाख वीस हजार. पाच लाखांवर दहा टक्के, वरच्या वीस हजारांवर वीस. मग त्यांचे बोट बरोबरच्या बटणावर थांबले.

'बरोबर आहे तुझं' एवढे म्हटले असते, तर लेक घरात राहिली असती. मलाही तेच हवे होते. जन्मात पहिल्यांदाच मला चुकावेसे वाटले.

त्यांनी बटण दाबले. चोपन्न हजार.

"वीस टक्के फक्त वरच्या वीस हजारांवर. कर आठच हजारांनी वाढतो. बाकीचे बावन्न हजार तुझेच. जा तू."

ती गेली. पहिली काही वर्षे ती फोनवर आकडे सांगे, बाबा मोठ्याने बेरीज करत. मग एकदा म्हणाली, "आता मोबाईलवरच होतं, बाबा. तुम्हाला कशाला त्रास?"

बाबा अजूनही वर्षाअखेरीस मला पुसून घेतात. तिचा पगार आता त्यांना ठाऊक नाही. अंदाजाने थोडा वाढवून धरतात, वजावटी काढतात, टप्पे पाडतात. उत्तर येते, आणि ते फोनकडे बघत बसतात. तिची आठवण मलाही येते.

मित्रांनो, मला नवा सेल नको, कौतुकही नको. हिशेब मोबाईलला खुशाल करू द्या. पण एकदा घरी फोन लावा आणि म्हणा, "बाबा, यंदा माझा टॅक्स किती होईल हो?" उत्तर ठाऊक असले तरी विचारा.