हिरव्या पट्टीची कढई

मित्रांनो, मला बघून तुम्ही नाक मुरडाल. मुरडा. बूड काळंठिक्कर, कडेला पोचा, दांड्यावर जुन्या डिंकाचा चिकट डाग आणि पोटात कबुतरांसाठी ओतलेलं पाणी, असं आजचं माझं रूप. तुमच्या घरच्या दोन कानांच्या कढईची मी लांबची बहीण. मला एकच लांब दांडा आहे आणि माझा जन्म चायनीज रांधण्यासाठी झाला. ओमानमधल्या सोहार गावात, एका लहानशा हॉटेलच्या मागच्या अंगणात मी पडले आहे. एकेकाळी माझ्या दांड्यावरच्या हिरव्या पट्टीकडे बघून एक बाई निर्धास्त जेवत असत. त्या पट्टीच्या आडून त्यांना फसवलं गेलं, आणि मी तोंडातून ब्र काढू शकले नाही. तेच आज सांगायचं आहे.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते मला ठाऊक नाही. लालभडक तापलेला पत्रा, वरून पडणारे घण आणि मग थंड पाणी, एवढंच आठवतं. जहाजातून मी मस्कतला आले आणि तिथल्या मत्रा नावाच्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानाबाहेर दोरीला लटकत राहिले. खाऱ्या वाऱ्याने अंगावर गंज धरू लागला होता. तेव्हा, म्हणजे १९९५ साली, एका माणसाने मला बोटाच्या पेराने टकटक वाजवून पाहिलं आणि काखोटीला मारलं. त्याचं नाव मॅक्सिम.

मॅक्सिम वसईचा. मुंबईच्या हॉटेलांत चायनीज शिकला, मस्कतच्या एका बड्या हॉटेलात राबला आणि मग सोहारला एका ओमानी अर्बाबच्या नावावर, म्हणजे मालकाच्या नावावर, सहा टेबलांचं हॉटेल चालवायला लागला. पाटीवर लाल ड्रॅगन आणि खाली ‘चायनीज, थाय, इंडियन’. गल्ल्यावर त्याची बायको क्लोटिल्डा. स्वयंपाकघरात तो स्वतः आणि हाताखाली यूनुस नावाचा आचारी. माझ्याआधी तिथे तीन कढया होत्याच. मला आणलं ते एकाच कारणासाठी, आणि ते कारण म्हणजे नूतनवहिनी.

नूतनवहिनी आणि त्यांचे यजमान चंद्रहास हे पुण्याचं कुटुंब. चंद्रहास सोहारच्या एका कारखान्यात इंजिनियर, मुलगी मैथिली तेव्हा सहा वर्षांची. वहिनी पक्क्या शाकाहारी, केकमध्ये अंडं असलं तरी बशी बाजूला सारणाऱ्या. चायनीजची मात्र भारी आवड. आता सोहारमध्ये त्या वेळी शाकाहारी माणसाने बाहेर खायचं म्हणजे परीक्षाच होती. एका ठिकाणी व्हेज नूडल्स मागवल्या, तर वेटरने भरल्या बशीतले कोंबडीचे तुकडे चमच्याने वेचून काढले आणि तीच बशी हसत पुढे ठेवली. दुसरीकडे भातात अंडं निघालं. विचारलं तर म्हणे, अंडं व्हेजच असतं. तिसऱ्या ठिकाणच्या थाय करीला सुक्या कोळंबीचा वास आला, तेव्हा मालक म्हणाला, माशाचा सॉस अगदी थोडाच आहे. तिन्ही वेळा मैथिली गाडीत भुकेने रडली आणि वहिनींनी घरी जाऊन दहीभात कालवला. ही सगळी कथा क्लोटिल्डा प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला रंगवून सांगायची, म्हणून मला पाठ आहे.

आमच्या हॉटेलच्या दारातही वहिनी अशाच अडून उभ्या राहिल्या होत्या. मराठी बोलणं कानावर पडलं आणि मॅक्सिम हात पुसत बाहेर धावला. म्हणाला, “वहिनी, पुढच्या शुक्रवारी या. तुमच्यासाठी वेगळी कढई आणतो. तिला मटणमच्छी शिवणार नाही, देवाशप्पथ.”

ती कढई मी. इलेक्ट्रिशियनकडून हिरवी टेप आणून त्याने माझ्या दांड्याला गच्च गुंडाळली. तेल लावलावून मला तापवलं, काळी तुकतुकीत केली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत, चार नंबरच्या टेबलावरून दिसेल अशा खुंटीवर टांगलं. यूनुसला दम भरला की हिला हात लावलास तर खलास. बाकीच्या कढयांत कोळंबी नि कोंबडी नाचायची आणि मी आपली सोवळ्यातल्या सासूबाईंसारखी दूर टांगलेली. मिरवायचे हो मी. खोटं कशाला बोलू?

दर शुक्रवारी दुपारची नमाज आटोपून रस्ते पुन्हा वाहते झाले की चंद्रहासांची पांढरी गाडी यायची. वहिनी खुर्ची ओढण्याआधी खिडकीकडे बघायच्या. पट्टी दिसली की पर्स टेबलावर ठेवून नीट टेकून बसायच्या. मैथिली ओरडायची, “ग्रीनवाली आपली!” पहिले काही महिने वहिनी विचारायच्या, यात काय आहे, त्यात काय आहे. पुढे त्यांनी विचारणं सोडून दिलं. त्यांच्या शब्दावर भिशीतल्या बायका येऊ लागल्या, मस्कतहून पाहुणे आले तर त्यांनाही वहिनी घेऊन यायच्या.

जेवण मात्र रोज काही फक्कड नसायचं. एखाद्या शुक्रवारी नूडल्सचा लगदा व्हायचा, एखाद्या शुक्रवारी मंचूरियन आतून कच्चं. कधी मात्र असा फ्राइड राइस जमायचा की चंद्रहास बशी निपटून पुसायचे. चांगलं निघालं तर नशीब, नाही निघालं तर दही घरी आहेच, असं म्हणत ती माणसं तीन वर्षं येत राहिली. त्या तीन वर्षांत माझ्यात भाजी, तेल, सॉस आणि साधं पाणी यांखेरीज काही पडलं नाही.

मग १९९८ साल आलं. त्या शुक्रवारी सूप खरंच फिकं झालं होतं. चंद्रहासांनी थट्टेने खिडकीतून विचारलं, “मॅक्सिम, हे सूप आहे की कपबशा विसळलेलं पाणी?” मॅक्सिम हसला, पण त्याचे कान लाल झाले. त्यावर वहिनींनी त्याची बाजू घेतली आणि तेच त्याला जास्त झोंबलं. त्या म्हणाल्या, असू दे हो, व्हेजला बिचारे चव तरी कुठून आणणार?

बिचारे! मोठमोठ्या हॉटेलांत राबलेल्या माणसाला!

माझ्या शेजारच्या शेगडीवर दिवसभर एक भलं मोठं पातेलं मंद उकळत असायचं. त्यात कोंबडीची हाडं, माना, पाय. त्याचं पाणी, ज्याला ते स्टॉक म्हणायचे, ते बाकीच्या तिन्ही कढयांत प्रत्येक पदार्थाला डावभर पडायचं. पुढच्या शुक्रवारी माझ्यात गाजर, कोबी, आलं परतून झालं. मॅक्सिमने खिडकीकडे एकदा पाहिलं, डाव त्या पातेल्यात बुडवला आणि माझ्यात रिता केला.

मी चरचरले. जीव खाऊन चरचरले. पण कढई चरचरली तर कोणाला काय कळणार? तो तर माझा रोजचाच आवाज. यूनुस तेवढा बघत राहिला. मॅक्सिम त्याला हळूच म्हणाला की तुकडा थोडाच घातलाय, पाणी आहे ते.

थोड्या वेळाने नूतनवहिनी स्वतः खिडकीशी आल्या. चेहरा उजळलेला. “मॅक्सिमभाऊ, आज खरी चव आली. काय घातलंत?”

मॅक्सिमने हातातला डाव ओट्यावर ठेवला. मला वाटलं, सांगतोय. सांग रे बाबा, सांग.

“काही नाही, वहिनी,” तो म्हणाला. “हाताची चव.”

वहिनींनी माझ्याकडेही कौतुकाने पाहिलं आणि म्हणाल्या, ही कढईच गुणाची आहे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एकदा अशी वाहवा मिळाल्यावर मागे फिरणं त्याला जमलं नाही. पहिले काही आठवडे तो खिडकीकडे बघून डाव टाकायचा, मग न बघता टाकायला लागला. मॅक्सिम काही दुष्ट माणूस नव्हता, हेच तर दुखणं आहे. चातुर्मासात वहिनी कांदा-लसूण सोडायच्या. तेव्हा तो त्यांच्यासाठी चाकू वेगळा घ्यायचा, पाट वेगळा घ्यायचा, लसणाची एक पाकळी चुकून जायला नको म्हणून डोळ्यांत तेल घालून बघायचा. आणि एवढं सगळं करून शेवटी त्याच पातेल्यातलं डावभर पाणी! दर वर्षी माझी हिरवी टेप मळली की तो जुनीवरच नवी गुंडाळायचा. पट्टी जाडजूड होत गेली. अशी आठ वर्षं गेली.

२००६ साली मैथिली कॉलेजसाठी पुण्याला निघाली. जाण्याआधीच्या शुक्रवारी ती उठून स्वयंपाकघरात आली. तिचं मराठी शाळेतल्या इंग्रजीमुळे अडखळायचं, पण त्या दिवशी तिने वाक्य जुळवून आणलं होतं. “अंकल, मला ते सूप शिकवा ना. आईला घरी करून द्यायचंय, जायच्या आधी एकदा.”

मॅक्सिमला काय आनंद झाला! त्याने तिला अॅप्रन बांधला, मला शेगडीवर चढवलं. आलं किती, आच किती, कोबी कधी टाकायचा, सगळं हौसेने दाखवत होता. बोलता बोलता त्याचा उजवा हात बाजूच्या पातेल्यात गेला आणि डाव माझ्यात रिकामा झाला. डावाबरोबर कोंबडीच्या मानेचं एक हाड आलं आणि माझ्या कडेवर टणकन आपटलं.

मैथिली त्या हाडाकडे बघत राहिली. मॅक्सिमचा चेहरा पांढराफटक पडला. आज चुकून गेलं, बेटा, तो पुटपुटला.

“नाही, अंकल,” ती म्हणाली. “तुम्ही बघितलंसुद्धा नाही. हात आपोआप गेला.”

ती धावत बाहेर गेली. आधी केलेलं सूप चार नंबरवर पोचलं होतं. तिने आईच्या हातातला चमचा काढून घेतला आणि काय पाहिलं ते सांगितलं. नूतनवहिनी आत आल्या. मला वाटलं, आता आकाशपाताळ एक करतील. त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही. पातेल्यात डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“किती वर्षं?”

“आठ,” मॅक्सिम म्हणाला. निदान तेव्हा तरी तो खोटं बोलला नाही.

“मी बेचव खाल्लं असतं, मॅक्सिमभाऊ. तीन वर्षं खातच होते की.”

त्यांनी शेगडी बंद केली. माझा दांडा हातात धरला आणि नखाने टेपचं टोक उचकटून ती सोडवायला सुरुवात केली. एकावर एक किती थर! वरचा चकचकीत, आतले कळकट. शेवटचा थर निघाला तेव्हा वहिनींची बोटं काळी झाली होती आणि डोळे भरले होते. तो हिरवा गुंता त्यांनी ओट्यावर ठेवला आणि म्हणाल्या की ही आता कुणालाही दाखवू नका. बाहेर चंद्रहास गाडीची किल्ली घेऊन उभे होते. त्यांनी कसली थट्टा केली नाही.

पुढच्या शुक्रवारी मॅक्सिमने पहाटे उठून एक नवं कोरं पातेलं चढवलं. त्यात कोबीचे दांडे, गाजराची टोकं, भाजलेलं आलं आणि वाळवलेल्या अळंब्या. ते पाणी त्याने माझ्यात ओतलं आणि मित्रांनो, काय सांगू तुम्हाला! असं सूप माझ्यात जन्मात झालं नव्हतं. एवढंच तर करायचं होतं. एक शेगडी, एक पातेलं आणि थोडा आळस झटकायचा होता. मला त्या क्षणी त्याचा जितका राग आला तितका त्या पहिल्या डावाच्या वेळीही आला नव्हता.

त्याने डबा भरला, झाकणावर दोरा बांधला आणि क्लोटिल्डाला वहिनींच्या घरी धाडलं. तासाभराने ती परत आली. दोऱ्याची गाठही सुटली नव्हती. वहिनींनी तिला चहा दिला, बसवून घेतलं, पण डबा घेतला नाही. म्हणाल्या, “वास फार छान येतोय गं. पण आता मला दर घासाला विचारावंसं वाटेल.”

चार नंबरच्या टेबलावर पुढे दुसरे लोक बसू लागले. मॅक्सिमने मला दुसऱ्या कशासाठी वापरलं नाही, आणि खुंटीवर बघवेना म्हणून मागच्या अंगणात आणून ठेवलं. सकाळी तो माझ्यात पाणी ओततो, कबुतरं येतात. दांड्यावरच्या डिंकाला वाळू चिकटते. तो कधी कधी फडक्याने घासून बघतो, पण डाग निघत नाही.

मित्रांनो, मला घासूनपुसून पुन्हा चुलीवर ठेवा, असं काही मी म्हणत नाही. माझं वय झालं. मागणं एकच आहे. तुमच्या घरी, तुमच्या ताटावर कुणी ‘यात काय घातलंय?’ हे विचारायचं सोडून दिलं असेल, तर त्या माणसाला जपा. नूतनवहिनींनी त्या दिवशी खिडकीशी येऊन अगदी हसत विचारलं होतं, काय घातलंत म्हणून. तेव्हा खरं सांगितलं असतं, तर एका शुक्रवारचं सूप वाया गेलं असतं आणि पुढच्या शुक्रवारी त्या पुन्हा आल्या असत्या.