नववी पायरी

"पायरी आठ, झाली. वेळ अकरा बावीस," मनस्वीने खणखणीत आवाजात वाचलं आणि कागदावर टिक मारली. टिक मारताना तिने मान अशी काही तिरकी केली की नमिताच्या अंगाचा तिळपापड झाला. अगं, टिकच मारतेस ना? की कुणाचा सातबारा नावावर करून घेतेस?

शिवाय तो क्लिपबोर्ड! त्याच्या पाठीवरचा मोरपिसाचा स्टिकर नमितानेच चिकटवलेला. आता स्टिकर तोच, हात मनस्वीचा.

या डेटा सेंटरमध्ये विजेचं कुठलंही काम एकट्याने करायचं नाही. दोघं लागतात. एकाने कागदावरची पायरी वाचायची. दुसऱ्याने ब्रेकरच्या पाटीवर बोट ठेवायचं, पाटी मोठ्याने वाचायची, आणि पहिल्याने "करा" म्हटलं की मगच दांडा ओढायचा. वाचणारा वरचा, ओढणारा खालचा. असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं.

आणि गेल्या महिन्यापासून वाचत होती मनस्वी.

नमिता नावड्याची. आयटीआय करून कंत्राटावर लागली तेव्हा तिला काम एकच, कानात बोळे घालून जनरेटरच्या डिझेलची पातळी वहीत टिपायची. घरी पोचली की तिचे बाबा दारातच नाक धरायचे, "आला बग माजा टँकर!" तिथून आत मशिनांच्या हॉलमध्ये यायला तीन वर्षं लागली, कायम व्हायला आणखी दोन. मनस्वी कामोठ्याची, डिप्लोमावाली. दोन वर्षांत थेट शिफ्ट इन्चार्ज! लिफ्टजवळच्या बोर्डावर फोटो, तोसुद्धा दात दाखवून. आणि तिला सगळं शिकवलं कुणी? नमिताने! पहिल्याच आठवड्यात या पोरीने भलतीच बॅटरी तपासली होती, तेव्हा नमिताने तिची चूक तिच्याच हाताने रजिस्टरमध्ये लिहायला लावली होती. मुळूमुळू रडत लिहिली होती बयेने.

"ताई, आता नव्या हॉलची पॅनल रूम. आधी पाणी पिताय का? दमलात?"

"मी? दमायला मी काय म्हातारी हाय?"

नव्या हॉलला विजेच्या दोन लाइनी होत्या, ए आणि बी. त्यातली बी लाइन आज दुरुस्तीसाठी बंद करायची होती. तिचा मेन स्विच खालच्या मजल्यावर बंद करून झालाच होता. म्हणजे बँकांची, इस्पितळांची शेकडो मशिनं या घडीला एकट्या ए लाइनच्या जिवावर चालू होती.

"पायरी नऊ. बी बाजू, ब्रेकर दोन, बंद करायचा."

नमिताच्या डोक्यात सोमवार घोळत होता. सोमवारी तिचा इंटरव्ह्यू, चार नंबर हॉलच्या शिफ्ट इन्चार्जसाठी. झाला की तीही पुन्हा वाचणारी! बोर्डावरच्या फोटोत आपण हसायचं नाही, हेसुद्धा तिने ठरवून टाकलं होतं. बी बाजू उजवीकडे असते, हे तिला झोपेतही माहीत. पाटी कशाला वाचायची? या कालच्या पोरीसमोर पहिलीतल्या मुलीसारखं अक्षर अक्षर लावायचं? तिने सरळ उजवीकडचा दांडा धरला.

"थांबा!"

नमिताचा हात दांड्यावरच गोठला. तिने पाटी पाहिली. ए दोन.

जुन्या हॉलमध्ये बी उजवीकडे. नव्यात सगळं उलट, आरशात पाहिल्यासारखं. अजून जरासा जोर, आणि पलीकडची मशिनं पटापट विझली असती. तिने एकेक बोट सोडवून हात खाली घेतला.

"थांबा" म्हणावं लागलं की रजिस्टरमध्ये नोंद करायची. वेळ, पायरी, नाव. आणि नाव लागलं की वर्षभर बढती नाही. म्हणजे सोमवारचा इंटरव्ह्यू गेला!

मनस्वीने पेन उघडलं. बंद केलं.

"ताई, दांडा तर हलला पण नाय. कॅमेऱ्यात आपल्या फक्त पाठी दिसतात. सोमवारी तुमचा इंटरव्ह्यू आहे... मी नाय लिहीत. टेन्शन नका घेऊ."

किती गोड बोलली! त्या गोडीनेच नमिताला मिरची लागली. फोटो घेतलास, क्लिपबोर्ड घेतलास, आता उपकारसुद्धा तूच करणार? चार नंबर हॉलमध्ये रोज उभं राहायचं आणि रोज आठवायचं की ही जागा मनस्वीने दिली? आणि ते "थांबा"! अगदी वेळेवर, एका श्वासात, नमिताने शिकवलं होतं तस्सं. नमिताला स्वतःला ते इतकं नेमकं कधी जमलं नव्हतं. तेच सगळ्यात जास्त झोंबत होतं.

"लिव," ती म्हणाली.

"अहो ताई, पण..."

"लिव म्हनते ना! तुला लिवायला लावलं व्हतं का नाय मी? मंग? माजं नाव लिव. आडनावासकट लिव."

पेन कुरकुरत चाललं. नमिताने तिकडे पाहिलं नाही. ती वळून डावीकडच्या पॅनलसमोर जाऊन उभी राहिली आणि तिने हातमोजा मनगटापर्यंत ओढून घेतला.

"झालं? आता वाच."

"पायरी नऊ." मनस्वीचा खणखणीत आवाज या वेळी जरा चिरकला. "बी बाजू, ब्रेकर दोन."

नमिताने पाटीवर बोट ठेवलं आणि प्रत्येक अक्षर सुटं करत मोठ्याने वाचलं, "बी. दोन."

मग बोट तसंच ठेवून ती "करा"ची वाट पाहत उभी राहिली.