पहिल्या दारावरचं पान

दादाने पटाशी पुन्हा बाकावर टाकली आणि कपाटाच्या पहिल्या दारावर कोरलेल्या पानावरून अंगठा फिरवला.

"हे मीच कोरलं ना रे? मग इतक्या बारीक शिरा दुसऱ्या दारावर का उतरत नाहीत? हात गेला बहुतेक माझा."

धाकटा भाऊ पॉलिशचा बोळा पिळत राहिला. खाई त्याला खवखवे. त्याला मान वर करवेना.

काही दिवसांपूर्वी दादा लाकूड आणायला गेला होता, तेव्हा धाकट्याचे हात शिवशिवले होते. जन्मभर दादाने कोरायचं आणि याने घासायचं, चमकवायचं. गिऱ्हाइकं नक्षीपुढे उभी राहायची. पॉलिशला कोण विचारतो? एकच शीर काढून बघू म्हणून त्याने पटाशी उचलली. हात दाखवून अवलक्षण! पटाशी सटकली, अर्धं पान उडालं. घाबरून त्याने भुसा आणि सरस कालवून खड्डा भरला, ओल्या लगद्यावर काडीने शिरा ओढल्या आणि वरून असं पॉलिश चढवलं की लाकूड कुठे संपलं ते कळू नये.

आता दादाच्या पायाशी बिघडलेल्या फळ्यांचा ढीग पडला होता.

"त्या जिन्याच्या कठड्याचं काम नको म्हणून सांगून टाकतो," दादा म्हणाला. "नुसती पॉलिशची कामं घे तू. मी बसतो घरी."

तो थट्टा करत नव्हता. धाकट्याने पॉलिश पेपर उचलला आणि ते पान खसाखसा घासायला घेतलं.

"अरे, वेडा झालास का?"

चमक गेली, रंग गेला, खालचा पिवळट भुसा उघडा पडला.

"मी मोडलं होतं, दादा. तुझ्याच पटाशीने. तुझ्यासारखं कोरायचं होतं मला."

दादाने वाकून नखाने तो भुसा खरवडून पाहिला. एक सणसणीत शिवी हासडली असती तर धाकट्याला बरं वाटलं असतं.

"म्हणजे इतके दिवस मी भुशाशी झुंजतोय," दादा अखेर म्हणाला. "आणि मला ते लाकूड वाटलं."

"चुकलो रे."

"ते कळलं." दादाने दुसरं दार उचलून धाकट्याच्या बाकावर आडवं ठेवलं आणि शेजारी स्टूल ओढलं. "तसंच भुशाचं पान यावर कर, हळूहळू. मला बघायचंय."

धाकट्याने सरस कालवायला घेतला. भरल्या डोळ्यांनी त्याला भांडं नीट दिसत नव्हतं, आणि दादा गुडघ्यांवर हात ठेवून नवशिक्यासारखा बघत होता.