चिमूटभर खमीर

प्रार्थनाघरात वाटल्या जाणाऱ्या बेखमीर रोट्या थोरलीच्या बेकरीतून जायच्या. वडिलांच्या माघारी दोघी बहिणींनीच भट्टी चालू ठेवली होती. धाकटी पावाचं बघायची, थोरली रोट्यांचं. दोन्ही पिठांच्या पराती वेगळ्या, आणि हात धुतल्याशिवाय एकीतून दुसरीत घालायचा नाही, हा वडिलांचा दंडक. खमीर म्हणजे पाप, ते देवाच्या रोटीत चालत नाही, हे दोघींनी लहानपणापासून ऐकलेलं. धाकटी हसायची. "पापाशिवाय पाव फुगत नाही म्हणजे!"

तिच्या जिभेला हाड नव्हतंच. एका सभेत उपदेशक सांगत होते की घड्याळवाल्याची बायको औषधाविना, निव्वळ प्रार्थनेनं बरी होऊन माहेरी गेली. धाकटी ताडकन उठली.

"बरी कुठली? माहेरी तिचं प्रेत गेलं. आम्ही पाव द्यायला गेलो होतो त्या सकाळी. ताईला विचारा."

उपदेशक मात्र रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "चिमूटभर खमीर परातभर पीठ आंबवतं. संशयाचंही तसंच असतं. वेळीच काढून टाकावा लागतो." मग थोरलीकडे वळून, "बाई, तुम्ही काय पाहिलंत?"

थोरलीच्या लेकीचं लग्न याच मंडळीतल्या घरी ठरलं होतं. होणारे व्याही पुढच्याच बाकावर बसलेले. थोरली उठली.

"ती बसली होती. माझ्याशी बोलली." एवढ्यावर थांबायचं, तर कुणी न विचारता ती पुढं म्हणाली, "चेहऱ्यावर तेज होतं."

धाकटी तिच्याकडे बघतच राहिली. "ताई, तिचे डोळे तूच मिटलेस ना गं?"

थोरली खाली बसली.

संध्याकाळी धाकटीनं कपडे बांधले. थोरली दारापर्यंत आली. "लेकीचं लग्न तेवढं होऊन जाऊ दे, मग ये परत."

"तोवर काय खमिरासारखं मडक्यात झाकून ठेवणार आहेस मला?" धाकटी म्हणाली आणि पायऱ्या उतरली. स्टेशनापलीकडच्या एका खाणावळीत तिनं काम धरलं.

लग्न थाटात झालं. इकडे थोरलीची साक्ष तोंडोतोंडी वाढत गेली. आधी घड्याळवाल्याची बायको नुसती बसली होती, मग चालली, मग म्हणे तिनं उठून चूल पेटवली. थोरली ऐकायची आणि मान खाली घालून पीठ मळायची.

मग शेजारच्या शिंप्याला ताप भरला. थोरली पाव द्यायला गेली, तर त्याची मान काठीसारखी ताठ झालेली, डोळे पांढरे, बडबड चाललेली.

"अगं, डॉक्टरला बोलावलंस का?"

"कशाला?" शिंपीण म्हणाली. "तुम्ही स्वतः पाहिलंत की तेज."

थोरलीनं शिंपिणीचा हात धरला. "खोटं बोलले मी. ती मेली होती. डोळे मीच मिटले तिचे. ऊठ, डॉक्टरकडे चल."

शिंपिणीनं हात सोडवून घेतला आणि पदराला पुसला. "तरी उपदेशक म्हणतच होते. एकाच गोळ्यातल्या दोघी."

थोरली स्वतः धावत गेली, डॉक्टरला घेऊन आली. दाराला आतून कडी. दोघं बडवून बडवून परत फिरले.

शिंपी जगला, पण दोन्ही कानांनी ठार बहिरा झाला. पुढच्या सभेत उपदेशकांनी त्याला सगळ्यांपुढं उभं केलं. लोक आनंदानं रडत होते. तो बिचारा एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. काय चाललंय, त्याला कळत नव्हतं. थोरली उठून बोलायला लागली, तर गाणं सुरू झालं आणि तिचा आवाज त्यात बुडून गेला. रोट्यांचं काम दुसऱ्या बेकरीकडे गेलं. लेक येऊन सांगून गेली, "आई, सासूबाई म्हणतात, थोडे दिवस घरी येऊ नका."

थोरली खाणावळीत गेली. धाकटी मागच्या मोरीवर पातेली घासत होती.

"मी खरं सांगितलं गं सगळं."

"कुणी ऐकलं?"

"कुणीच नाही."

धाकटीनं पातेलं उपडं घातलं. "माझं ऐकलं असतं, ताई. त्या दिवशी तू नुसती गप्प राहिली असतीस, तरी ऐकलं असतं."

तिनं पुढचं पातेलं ओढलं. ताईला बस म्हणाली नाही.