फायलीवर कुणाचं नाव

साल चौसष्ट. सुलभाला तालुक्याच्या कचेरीत लागून पंधराच दिवस झाले होते, तेव्हा जानेफळची गोजरबाई चौथ्यांदा तिच्या खिडकीशी आली. तिथे नव्या विहिरीच्या परवानगीचे अर्ज घेत. नवऱ्याचा पाय मोडलेला, म्हणून त्याचा अर्ज दिवाळीआधी तिनंच आणून दिला होता. पण त्याची फाईल काही सापडत नव्हती.

सुलभाने अर्जदाराचं नाव रजिस्टरात पाहिलं, किसनराव. 'क'चा गठ्ठा उपसला. नाही.

"फाईल केली तेव्हा तुम्हाला काय विचारलं होतं?"

"फायलीवर नाव काय लिहू, म्हणे."

"मग?"

गोजरबाईने पदर सावरला. "नवऱ्याचं नाव कसं घेऊ बाई? म्या म्हटलं, आमचे हे."

सुलभाने 'आ'चा गठ्ठा सोडला. 'आमचे हे' नावाच्या एकोणीस फायली निघाल्या. पलीकडे 'त'मध्ये 'तुमाले माहीत हाय' तीन, आणि 'ह'मध्ये नुसतं 'हाव', म्हणजे 'हो', सात. किसनराव अकराव्या 'आमचे हे'मध्ये होता.

या सगळ्या फायलींवर लक्ष्मीकांतांचं मोत्यासारखं अक्षर होतं. ते वरिष्ठ कारकून.

"अर्जदार सांगेल तेच लिहायचं," ते म्हणाले. "मी पदरचं एक अक्षर घातलेलं नाही."

"पण बाहेरच्या पाटीवर तुम्हीच लिहिलंय, नाव न सांगितल्यास अर्जावरचे नाव घेतले जाईल."

"न सांगितल्यास. यांनी सांगितलं."

सुलभा खिडकीकडे वळली. पुढचा अर्ज कडूबाचा होता. तिनं त्यावरचं नाव आधी पेन्सिलीने फायलीवर लिहिलं, वाचून दाखवलं आणि मगच विचारलं, "हेच ठेवू, की दुसरं?"

"पेन्सिल नियमात नाही," लक्ष्मीकांत मागून म्हणाले.

कडूबाने जरा विचार केला. "माह्या दोन विहिरींचे अर्ज हायेत बाई. याच्यावर 'चिंचेखालची' टाका, मंग गल्लत नाही होत."

सुलभाने खोडलं आणि 'कडूबा, चिंचेखालची' असं शाईने लिहिलं. लक्ष्मीकांतांनी ती फाईल मागून घेतली आणि पुन्हा वाचली. त्यांना स्वतःला हे का सुचलं नाही, याचं त्यांना वाईट वाटलं असावं. मग ते उठले, पाटी काढून आणली आणि नवा मजकूर लिहून बाकावर बसलेल्या गोजरबाईला वाचून दाखवला.

"पूर्वलिखित नाम मान्य असल्यास अर्जदाराने तशी संमती दर्शवावी."

"म्हणजे काय करावं?"

"म्हणजे... हाव म्हणायचं."

"मंग तसंच लिहा ना. काऊन फिरवून राह्यले?"

लक्ष्मीकांतांनी मजकूर पुसला. दुसऱ्या खेपेला पाटीवर आलं ते असं: 'आम्ही नाव वाचून दाखवू. बरोबर असेल तर हाव म्हणा. नसेल तर दुसरं सांगा.'

जुन्या एकोणतीस फायलींची नावं बदलायला दोघांना शनिवार उजाडला. किसनरावाची परवानगी महिन्याभरात निघाली. ती न्यायला गोजरबाई आली, तेव्हा येताना तिनं सुलभासाठी ओटीभर हरभरा आणला होता, आणि लक्ष्मीकांतांसाठी वेगळा, सोललेला.