जय भीमचा फुलफॉर्म

आमच्या बौद्ध अभियांत्रिकी विद्यार्थी मंडळाचा मी माजी अध्यक्ष. माजी हे फक्त म्हणायला. कॉलेज सुटलं, माइक काही सुटला नाही. मंडळातला कुणी पुनावळ्यात फ्लॅट घेऊन आयटीत रमला, कुणी परीक्षा देऊन सरकारी खात्यात गेला, मी अध्यक्षच राहिलो. दर रविवारी ऑनलाइन मीटिंग घेऊन मी नव्या पोरापोरींना करिअरचं मार्गदर्शन करतो. सुरुवात ठरलेली: “सर्वांना जय भीम! आवाज येतोय का?” मग भाषणही ठरलेलं. कंपनीत मान खाली घालू नका, जय भीम ठासून म्हणा, लाजायचं कशाला?

थेरगावच्या दीक्षानं हे भाषण मनावर घेतलं. मी नोकरी करतो त्याच चाकणच्या कंपनीत ती ट्रेनी इंजिनिअर म्हणून लागली आणि पहिल्याच दिवशी प्रॉडक्शन लाइनवर सगळ्यांदेखत लांबून ओरडली, “जय भीम, दादा!”

“हां हां... बोल, बोल,” असं पुटपुटत मी शेजारचं मशीन तपासायला लागलो. मशीन बंद होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आमच्यात ब्रह्मज्ञान चालत नाही, पण म्हण लागू पडते.

तर एका सोमवारी जपानी गिऱ्हाइकाबरोबर ऑनलाइन मीटिंग होती. आम्ही त्यांना ब्रेकचे सुटे भाग देतो. मोठी ऑर्डर यायची होती, आणि ती आली तर क्वालिटी मॅनेजरची खुर्ची माझी, असं प्लँट हेड रविराज साहेबांनी सांगून ठेवलं होतं. मी बटण दाबलं, कॅमेरा लागला, पण तोंड रविवारचंच राहिलं.

“सर्वांना जय भीम! आवाज येतोय का?”

खोलीतल्या आमच्या माणसांनी माना लॅपटॉपमध्ये घातल्या. पडद्यावरचे नाकामुरा साहेब पुढं वाकले. “जायबीमु?” त्यांनी इंग्रजीत विचारलं, “ही नवीन पद्धत आहे का?”

एका वाक्याचं काम होतं. हा आमचा नमस्कार आहे, साहेब. संपलं. पण एकाही इंटरव्ह्यूत धड न आलेलं माझं इंग्रजी नेमकं तेव्हाच सुटलं. “येस सर! जज ऑल आयटम्स बिफोर हँडिंग इन मटेरियल! पहिली अक्षरं घ्या, सर. माल हवाली करण्याआधी प्रत्येक नग तपासायचा!”

नाकामुरा खूश. त्यांनी ते लिहून घेतलं आणि पुढच्या ऑडिटला ही पद्धत लाइनवर बघायला येतो म्हणाले.

मीटिंग संपली आणि रविराज साहेब हसून हसून लाल झाले. ते चाकणजवळच्या खेड्यातले, त्यांना काय ठाऊक नाही? “लेका धम्मरत्न, मोठा कलाकार हायेस! आता बोर्ड लाव. गिऱ्हाईक खूश तर आमी बी खूश.”

बोर्ड लागला. रंग मी निळा निवडला. तेवढाच स्वाभिमान.

दीक्षानं बोर्ड दोनदा वाचला. “दादा, हे काय आहे?”

“टेक्निकल आहे गं.”

“त्यांना खरं सांगून टाका ना. मला कुणी विचारलं तर मी सांगेन बघा.”

“तुला कोण विचारतंय!” मी म्हणालो.

ऑडिटला आलेल्या नाकामुरांनी नेमकं तिलाच विचारलं. अख्खा प्लँट सोडून ते तिच्यापाशी थांबले. दीक्षानं आधी माझ्याकडे पाहिलं, मला बोलायला चांगला वेळ दिला. मी बोर्डाकडे पाहत राहिलो. मग ती शांतपणे म्हणाली, “सर, हा आमचा नमस्कार आहे. आम्ही भेटलो की म्हणतो.”

नाकामुरा माझ्याकडे वळले. हे खरं का?

“नवीन ट्रेनी आहे, सर,” मी म्हणालो. “तिचं ट्रेनिंग राहिलंय.”

इतक्या रविवारी इतकं बोललो, पण एवढं न अडखळता कधी बोललो नव्हतो. ऑर्डर आली. खुर्ची आली, केबिन आली. आणि दीक्षाच्या नावावर ऑडिटचा शेरा आला: पद्धतीचं ज्ञान अपुरं, पुन्हा प्रशिक्षण द्यावं. प्रशिक्षक अर्थातच अस्मादिक.

म्हणजे जय भीम काय असतं ते दीक्षाला शिकवायला मी ट्रेनिंग रूममध्ये उभा. पोर बोलायला लागलं की ज्या घरात हे दोन शब्द आधी शिकवतात, तशा घरातली ती. माझं घरही तसंच. मी फळ्यावर सात इंग्रजी अक्षरं लिहिली आणि वळलो.

“शिकवा ना, दादा,” ती म्हणाली. “मला जय भीम शिकवा.”

ती चिडली असती तर मीही चिडून वेळ निभावून नेली असती. ती चिडली नव्हती. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी मार्कर खाली ठेवला. दार उघडं होतं, बाहेर माणसं होती, तरी मोठ्यानं म्हणालो, “जय भीम, दीक्षा.”

“हे त्या दिवशी म्हणायचं होतं, सर,” ती म्हणाली.

तोवर मी दादा होतो. ट्रेनिंग मिळालं म्हणून तिनं सही केली आणि ती लाइनवर निघून गेली.