मागच्या खोलीतले आकडे

माझ्या नवऱ्याला मी शंकासुर म्हणते. दाराला कुलूप लावून खाली उतरला की कुलूप लागलंय का ते बघायला हा परत वर येतो. त्यामुळे जुनी सोलर पॅनलं तपासायचा धंदा त्याला चांगला शोभतो. कचेऱ्यांच्या छपरांवरून उतरवलेली पॅनलं तो आणतो, त्यातली धड ठेवतो आणि बाकीची भंगारात देतो. बाहेर उन्हात तपासावं तर मध्येच ढग येतो, ऊन कलतं, आणि सकाळचा आकडा दुपारच्या आकड्याला ओळख देत नाही. म्हणून मागच्या खोलीची खिडकी आम्ही पुठ्ठ्याने बुजवली आहे. बंद पडलेल्या कापडदुकानातले हॅलोजन दिवे छताला टांगलेत, खाली टेबलावर पॅनल, बाजूला पंखा, कारण पॅनल तापलं की काम कमी करतं. शिवाय एक स्वस्तातला मीटर. एवढ्यावर सगळा कारभार.

सुरुवातीला त्याने एक कोरं पॅनल त्या दिव्यांखाली ठेवलं आणि मीटरचा आकडा खडूने भिंतीवर लिहिला. त्याच मापाच्या जुन्या पॅनलांनी त्या आकड्याच्या आसपास यायचं, म्हणजे पास. कोरं पॅनल लगेच विकलं गेलं. भिंतीवरचा आकडा तेवढा राहिला.

आणि महिनाभर सगळं सुरळीत चाललं होतं. मग अचानक जे पॅनल ठेवावं ते नापास व्हायला लागलं.

नेमकी ही पॅनलं ताईंसाठी होती. ताई म्हणजे माझी मोठी नणंद. त्या बाळंतपणं करतात. त्यांच्या बाळंतिणीच्या खोलीत वीज कधी जाईल त्याचा नेम नाही, आणि गेली की टॉर्च दातात धरून हात चालवायचे. आता जुळं असलेली एक बाई त्यांच्याकडे येणार होती, दिवस भरत आले होते. ताईंचा रोज फोन. "पॅनलं पाठवतोस की मी मेणबत्त्या आणू?"

"खराब पॅनलने बॅटरी भरली नाही आणि ऐन वेळी दिवा गेला तर?" शंकासुर मला म्हणाला. त्याचंही खरंच होतं.

त्याने दिवे बदलले. वायरी बदलल्या. शेजाऱ्याचा मीटर आणला, तर तोही तेच सांगायला लागला. पंखा जवळ घेतला, लांब नेला. मी काचा साबणाने धुतल्या. आकडा काही वर येईना. एका छपरावरची सगळी पॅनलं एकाच आठवड्यात कशी मरतील? माझं डोकं चालेनासं झालं. त्याचं तर आधीच फार चाललेलं होतं.

त्यात घरातलं दुसरं कोडं. सासरे, म्हणजे बाबा, त्याच आठवड्याच्या सुरुवातीला एके सकाळी पिशवी भरून म्हणाले, "जरा लेकीकडे राहून येतो," आणि ताईंकडे गेले. भांडण नाही, तंटा नाही. मागच्या खोलीत टेबलाला लागून त्यांची खुर्ची असायची. तिथल्या उजेडात वर्तमानपत्र दोन्ही हातांनी पूर्ण उघडून ते दुपारभर वाचत बसायचे. पानांमागचे बाबा दिसायचे नाहीत, खोकला तेवढा ऐकू यायचा. माझं काही चुकलं का? भाजी तिखट झाली होती का? मी नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "आधी हे पॅनल बघू दे." मला रडू आलं, आणि रागही आला.

शेवटी त्याने भंगारवाल्याला बोलावलं. तो यायच्या आत मी त्या खोलीत धुतलेली पांढरी चादर वाळत घालायला गेले, दिव्यांची ऊब फुकट का घालवावी म्हणून. बाबांच्या खुर्चीजवळ उभी राहून मी चादर झटकली आणि दोन्ही हातांनी ताणून धरली.

"हलू नकोस," मीटरकडे बघत नवरा म्हणाला.

"का?"

"आता खाली कर."

केली.

"परत धर."

धरली. मीटर वर गेला, भिंतीवरच्या आकड्यापाशी. चादर खाली, आकडा खाली. आम्ही एकमेकांकडे वेड्यासारखे बघत राहिलो. मग मी रिकाम्या खुर्चीकडे बघितलं आणि म्हणाले, "बाबांचा पेपर."

कोरं पॅनल तपासलं तेव्हा बाबा तिथेच बसलेले होते. उघड्या पानांवर पडलेला उजेड उलटून पॅनलवर येत होता, आणि तो धरूनच आकडा भिंतीवर गेला होता. पॅनलं चांगलीच होती. खुर्ची रिकामी झाली होती.

भंगारवाल्याला दारातच चहा पाजून परत पाठवलं आणि ताईंना स्पीकरवर फोन लावला. फोन बाबांनी घेतला. नवऱ्याने तोंड उघडायच्या आत त्यांनी हळूच विचारलं, "आता आणखी बरे येतात का रे आकडे? तूच हिला सांगत होतास ना, एका कोपऱ्यावर सावली पडली तरी अख्खं पॅनल झोपतं. म्हटलं, आपणच बाजूला झालेलं बरं."

मी नवऱ्याच्या हातातून फोन घेतला.

"बाबा, तुमची सावली पडत नव्हती. तुम्ही गेलात आणि उजेड कमी झाला."

ही आपली नुसती समजूत घालते आहे, असं त्यांना वाटायला नको. म्हणून मी चादरीची सगळी हकिगत सांगितली, मीटरसकट.

"म्हणजे मी तिथे बसलेलो चालतो?" त्यांनी विचारलं. ज्यांनी हे घर बांधलं ते मला हे विचारत होते.

"चालतो काय, बसावंच लागेल," शंकासुर मागून म्हणाला. "खुर्ची त्याच जागी. आणि पेपर पूर्ण उघडायचा, घडी घालून नाही."

टेम्पोवाल्याला सांगितलं, जाताना पॅनलं आणि येताना बाबा. टेम्पो वळणापार गेल्यावर शंकासुर मागच्या खोलीत गेला आणि खुर्ची जागेवरून हलली नाही ना, ते पुन्हा एकदा बघून आला.